वीट रचण्याआधी कागद करा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषय शिकवते. पेरणीचे अंतर, खताची मात्रा आणि तणनियंत्रण हे माझे रोजचे विषय. त्यामुळे आज मी गवंड्याशी करावयाच्या लेखी कराराविषयी बोलणार आहे, हे ऐकून आपणांस थोडे नवल वाटेल. मी वकील नाही आणि बांधकामाची अभियंताही नाही. परंतु शेतकऱ्याची मुलगी आहे, आणि कागद न केल्यामुळे काय होते ते मी आमच्याच घरी पाहिले आहे.

दिवाळी सरली, सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले, की गावोगावी पाये खोदले जातात. वीटभट्ट्या पेटतात. कुणी गोठा बांधतो, कुणी धान्याची कोठी, कुणी राहते घर. मृगाच्या आत छत पडले पाहिजे म्हणून सगळ्यांचीच घाई असते. या घाईतच व्यवहार तोंडी ठरतो.

बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि पावती जपून ठेवा, असे आम्ही आपणांस दर हंगामात सांगतो. उगवण झाली नाही तर पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही, हे आपणांस पटलेले आहे. अडत्याची पट्टी आपण खुंटीला अडकवून ठेवता. पीक विम्याची पावती ट्रंकेत ठेवता. मग ज्या कामात आयुष्याची कमाई जाते, त्या घराच्या कामाला एक साधा कागदही का नसावा?

आमच्या गोठ्याची गोष्ट

सन २००३ मध्ये माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शेतात गोठा बांधायला काढला. गवंडी गावातलाच, अण्णांच्या जोडीचा. आम्ही मुले त्यांना नाना म्हणायचो. विटा, सिमेंट, वाळू आमची आणि मजुरी त्यांची, दर ब्रासवर, असे बांधावरच्या लिंबाखाली उभ्या उभ्या ठरले. अण्णांनी उचल दिली आणि नानांनी दुसऱ्या दिवशी दोरी लावली.

भिंती चौकटींच्या माथ्यापर्यंत आल्या तेव्हा हिशेब निघाला. नानांनी भिंतीची लांबी-उंची धरून ब्रास काढले, दारे-खिडक्या वजा न करता. अण्णांनी जाडी धरून घनफुटाचे ब्रास काढले आणि दारे-खिडक्या वजा केल्या. शिवाय जमिनीखालचे पायाचे बांधकाम दरात धरायचे की वेगळे, हेही ठरलेले नव्हते. शब्दाला शब्द लागला. नाना थापी-ओळंबा उचलून गेले ते परत आले नाहीत. पावसाळा सुरू झाला. त्या वर्षी जनावरे ताडपत्रीखाली राहिली. दुसरा गवंडी मिळाला तो दिवाळीनंतर, आणि तोही अर्धवट काम म्हणून चढा दर लावून. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नानांच्या घरचे कुणी आले नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर मी दोघांच्याही वह्या मागून घेतल्या आणि शेजारी ठेवून पाहिल्या. दिलेले आणि मिळालेले पैसे दोन्हींकडे सारखेच होते. कुणीही खोटे बोलत नव्हते. फक्त 'ब्रास' या एका शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा होता. दोन प्रामाणिक माणसांचा तीस वर्षांचा घरोबा एका शब्दापायी तुटला.

माप आधी ठरवा

हा घोळ किती मोठा होऊ शकतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा भिंत ३० फूट लांब, १० फूट उंच आणि ९ इंच जाड आहे. तिच्यात ७ फूट × ३ फूट असे एक दार आणि ४ फूट × ४ फूट अशा दोन खिडक्या आहेत.

क्षेत्रफळाने मोजल्यास ३०० चौरस फूट, म्हणजे १०० चौरस फुटांचा एक ब्रास धरून ३ ब्रास होतात. जाडी धरून मोजल्यास २२५ घनफूट, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबाने सव्वादोन ब्रास होतात. दार-खिडक्यांचे ५३ चौरस फूट वजा केल्यास उरतात सुमारे १८५ घनफूट, म्हणजे १.८५ ब्रास. भिंत एकच, पण माप तीन प्रकारचे. ही एका भिंतीची गोष्ट झाली. संपूर्ण घराचा हिशेब आपणच करून पाहावा.

यातले कोणतेही माप चुकीचे नाही. दर त्या मापाला अनुसरून ठरलेला असला म्हणजे झाले. म्हणून दर ठरवताना चार गोष्टी कागदावर स्पष्ट लिहाव्यात: ब्रास म्हणजे चौरस फूट की घनफूट, दारे-खिडक्या वजा होणार की नाही, पायाचे काम दरात आहे की वेगळे, आणि साडेचार इंची आडभिंतीचा दर काय. गिलाव्याचे मापही असेच आधी ठरवावे.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यानुसार तोंडी करारही करारच असतो. दोन्ही पक्ष सज्ञान असावेत, संमती राजीखुशीची असावी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर असावा, एवढे पुरेसे आहे. अडचण येते ती पुराव्याची. तोंडी काय ठरले ते सिद्ध करताना साक्षीदार शोधावे लागतात, आणि गावात दोघांचाही शेजारी असलेला माणूस साक्षीला सहसा येत नाही.

करार मुद्रांक कागदावर करावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० व २०० रुपयांच्या मुद्रांकाऐवजी अशा साध्या करारनाम्यांना ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला आहे. काम दहा लाखांवरचे असेल तर मुद्रांक किती लागेल ते मुद्रांक विक्रेत्याकडे विचारून घ्यावे. मुद्रांक नसलेला कागद रद्द होतो असे नाही, परंतु शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. अशा कराराची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करण्याची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अवश्य घ्याव्यात.

काहीजण करारात 'काम लांबल्यास रोज पाच हजार दंड' असे लिहून घेतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. म्हणून दंड पेलण्याजोगा लिहावा आणि तो कोणत्या कारणांना लागू नाही तेही लिहावे. अवकाळी पाऊस झाला, किंवा मालकाने वेळेवर सिमेंट आणून दिले नाही, तर त्या दिवसांचा बोजा गुत्तेदारावर टाकणे न्यायाचे नाही.

कामाचा दर्जा शब्दांत मांडा

'काम चांगले करून द्यावे' या वाक्याला कागदावर काही किंमत नाही. चांगले म्हणजे काय ते लिहावे.

१) वीट : दोन विटा एकमेकींवर आपटल्यास खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा उठू नये. साधारण एक मीटर उंचीवरून टाकल्यास वीट फुटू नये. भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या भाजक्या विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. म्हणजे ३ किलोची कोरडी वीट भिजल्यावर ३ किलो ६०० ग्रॅमपेक्षा जास्त भरू नये. वजनकाटा आपल्या घरी असतोच. पहिल्या गाडीतल्या चार-पाच विटा तपासाव्यात आणि नमुन्याच्या दोन विटा दोघांच्या सह्या करून काम संपेपर्यंत ठेवाव्यात.

२) माल : नऊ इंची भिंतीला एकास सहा आणि साडेचार इंची भिंतीला एकास चार हे सिमेंट-वाळूचे प्रमाण सर्रास वापरतात. ५० किलोच्या गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असते. त्याच मापाची पेटी करून एका गोणीस सहा पेट्या वाळू मोजावी. घमेल्याच्या अंदाजावर सोडू नये. पाणी घालून कालवलेला माल साधारण अर्ध्या तासात वापरला जावा. सुकू लागलेला माल पुन्हा पाणी मारून वापरणार नाही, असे करारात लिहावे.

३) रचाई : विटा भिजवून वापराव्यात, उभे सांधे एकावर एक येऊ नयेत, भिंत ओळंब्यात असावी. एका दिवसात दीड मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा, जास्त उंची चढवू नये.

४) पाणी मारणे : विटांच्या बांधकामावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान सात आणि राखमिश्रित सिमेंटसाठी किमान दहा दिवस, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. हे काम कुणाचे, ते कुणीच ठरवत नाही. मग ते घरातल्या बाईच्या डोक्यावर पडते. शेतातून आल्यावर ती हंड्याने भिंती भिजवते, आणि पुढे भिंतीला चिरा पडल्या की 'तुमच्या घरचे पाणी कमी पडले' हेही तिनेच ऐकायचे. पाणी कोण मारणार, मोटार व नळी कुणाची, हे करारात अवश्य लिहा.

झाकले जाणारे काम

आपल्या काळ्या जमिनीविषयी मी थोडे अधिकाराने बोलू शकते. या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. कापसाच्या रानात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. पाया या मातीतच राहिला तर वरची भिंत कितीही सरळ असली तरी तडकते. पाया किती खोल न्यायचा हे जाणकार अभियंत्याला जागा दाखवून ठरवावे आणि ती खोली फुटांत करारात लिहावी. ठरलेल्या खोलीपेक्षा पाया कमी नेला तर जबाबदारी गुत्तेदाराची. मालकानेच खर्च वाचवण्यासाठी पाया उथळ करायला लावला, तर पुढच्या चिरांबद्दल गवंड्याला धरता येणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागात काय केले, ते आपल्यापैकी ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याचा भार अंगावर येऊन गेली. तेव्हापासून जोत्यावर, चौकटींच्या माथ्यावर आणि छताखाली सळईचा सलग काँक्रीट पट्टा घ्यावा, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. हा पट्टा आडभिंतींवरूनही फिरला पाहिजे आणि कोपऱ्यांत सळई वळवून पुढे नेलेली असली पाहिजे. एकदा गिलावा झाला की आत सळई आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. म्हणून करारात एक वाक्य घालावे : 'पाया भरण्यापूर्वी आणि प्रत्येक पट्टा व स्लॅब ओतण्यापूर्वी मालकाला दाखवून पुढचे काम करावे.' त्या वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. बोलावल्यावर मालकाने एका दिवसात यावे, हेही लिहावे. गवंड्याची माणसे बसवून ठेवणे योग्य नाही.

पैसे कसे द्यावेत?

पैसा कामाच्या फार पुढे जाऊ नये आणि काम पैशाच्या फार पुढे जाऊ नये, हे सूत्र ठेवावे. सगळी उचल आधी दिली तर गुत्तेदार दुसरे काम धरतो. पैसे अडवून ठेवले तर त्याला मजुरांचा आठवड्याचा पगार भागवता येत नाही आणि माणसे निघून जातात. मजुरीच्या ठेक्यासाठी हप्त्यांची एक विभागणी अशी करता येईल : सुरुवातीस उचल १० टक्के, जोते पूर्ण झाल्यावर २० टक्के, चौकटींच्या माथ्यापर्यंत २५ टक्के, छत पडल्यावर २० टक्के, गिलावा व फरशी झाल्यावर १५ टक्के, आणि उरलेले १० टक्के एक पावसाळा पाहून. गळती किंवा चीर निघाल्यास ती दुरुस्त करून मग ही राखीव रक्कम द्यावी. काही निघाले नाही तर ठरल्या तारखेला विनातक्रार द्यावी. घरकुल योजनेचे अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते. तसे असल्यास आपले हप्ते त्या टप्प्यांशी जुळवून घ्यावेत.

दिलेल्या प्रत्येक रकमेची एकाच वहीत तारखेसह नोंद करून दोघांनी सही करावी. फोनवरून पैसे पाठवले तरी वहीत नोंद करावी. काम चालू असताना ओटा, देवघर, माळा असे काहीतरी वाढतेच. वाढीव कामाचा दर काम करण्याआधी त्याच वहीत लिहून सह्या कराव्यात.

कराराचा नमुना

पुढील नमुना आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावा.

'आज दिनांक ........ रोजी मालक ........ राहणार ........ आणि गुत्तेदार ........ राहणार ........ यांच्यात पुढीलप्रमाणे करार झाला.
१. काम : ........ येथे सोबतच्या नकाशाप्रमाणे ........ बांधणे. पायाची खोली ........ फूट.
२. माल : विटा, सिमेंट, वाळू, सळई ........ आणतील. परांची, सेंट्रिंग व अवजारे ........ यांची. माल कामाच्या ........ दिवस आधी जागेवर असेल.
३. दर : ........ रुपये प्रति ........ (चौरस फूट / घनफूट). दारे-खिडक्या वजा होतील / होणार नाहीत. पायाचे काम दरात धरले आहे / नाही.
४. दर्जा : विटांचा नमुना, मालाचे प्रमाण ........, पट्टे ........ ठिकाणी, सळई ........ मिलिमीटरची.
५. पाणी मारणे : ........ यांची जबाबदारी, ........ दिवस.
६. मुदत : सुरुवात ........, शेवट ......... पाऊस किंवा माल न मिळाल्याने गेलेले दिवस मुदतीत वाढवून मिळतील.
७. हप्ते : ........ राखीव रक्कम ........ रुपये, देण्याची तारीख .........
८. मजुरांची सुरक्षितता, अपघात झाल्यास औषधोपचार व भरपाई : ........ यांची जबाबदारी. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर लावणार नाही.
९. काम मध्येच थांबल्यास ........ यांच्याकडून झालेल्या कामाचे मोजमाप करून सात दिवसांत हिशेब पूर्ण करावा.
१०. वाद झाल्यास प्रथम ........ यांच्यासमोर बसून मिटवावा.
मालकाची सही, गुत्तेदाराची सही, साक्षीदार १, साक्षीदार २.'

कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक प्रत गुत्तेदाराला द्यावी. सही करण्यापूर्वी संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. गवंड्याला वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलवावे. नववे कलम विसरू नये. आमच्या गोठ्याच्या वेळी ते असते, तर नाना निघून गेले असते तरी हिशेब आणि बोलणे दोन्ही शिल्लक राहिले असते.

तरीही वाद झालाच, तर राहत्या घराचे बांधकाम ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवा धरली जाते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क लागत नाही. गुत्तेदाराला आपल्या मजुरीसाठी दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. परंतु दोघांच्याही हातात काही लिहिलेले असेल तरच या वाटा चालण्याजोग्या आहेत.

'गावातल्या माणसाशी कागद कशाला? त्याला काय वाटेल?' असे मला नेहमी विचारतात. गेल्या वर्षी आम्ही शेतात धान्याची कोठी बांधली. काम नानांच्याच मुलाला दिले, आणि कागद करू या असे मी म्हणाले तेव्हा मलाही संकोच वाटला. तो म्हणाला, 'ताई, बरं झालं तुम्हीच काढलंत. माझ्या तोंडून निघत नव्हतं.' काम चालू असताना एप्रिलमध्ये अवकाळीने चार दिवस बुडाले. सहावे कलम उघडून पाहिले आणि चार दिवस वाढवून दिले. त्यावर बोलणेही झाले नाही. अण्णा रोज सकाळी कामावर जाऊन बसत. नानाही कधीकधी येत. दोघांचे बोलणे अजून हवापाण्यापलीकडे गेलेले नाही, परंतु चहा एकाच किटलीतला घेतात.

यंदा आपणांपैकी ज्यांना बांधकाम काढायचे आहे त्यांनी पायाची दोरी लावण्याआधी एक संध्याकाळ काढावी, गवंड्याला घरी बोलवावे आणि घरातल्या बायामाणसांसह बसून हा कागद लिहावा. त्याला तास-दोन तास लागतील. एवढे सांगून मी आपली रजा घेते.

जय जवान, जय किसान.